मजुरीचा बाजार खुला आहे काय?

व्यापारी मंडळींत एक सिद्धांत मोठ्या विश्वासाने सांगितला जातो. तो असा की, धान्य, कापूस अगर सोने यांस जसा बाजार आहे तसाच तो मजुरीसही आहे. घेणारे पुष्कळ व माल थोडा असला म्हणजे भाव चढतो, माल पुष्कळ व घेणारे थोडे असले म्हणजे तो उतरतो, आणि ज्यास काम करावयाचे आहे त्यास उतरत्या भावाने का होईना, पण काम मिळतेच. ज्यास मिळत नाही तो आळशी तरी असावा अगर हट्टी तरी असावा, हा त्या सिद्धांताचा न बोललेला शेवट होय. आमचे पुष्कळ वाचक दुकानदारीत व अडतीत मुरलेले असल्यामुळे बाजार म्हणजे काय हे आम्ही त्यांस शिकवावे असे नाही. तथापि ज्या बाजारात कोणी कोणत्या पेठेत बसावे हे विकणाऱ्याच्या जन्मावरून आधीच ठरलेले असते, आणि मालाचा भाव सातासमुद्रांपलीकडील दुसऱ्याच कोणा व्यापाऱ्याच्या सोयीने ठरविला जातो, त्यास आमचे वाचक बाजार म्हणतील काय, एवढेच आम्हांस पुसावयाचे आहे.

दाखल्यासाठी फार दूर जावयास नको. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, तेव्हापासून १९८२ च्या संपापर्यंतचा मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास म्हणजे मजुरीच्या बाजाराची एक मोठी वहीच आहे. ती उघडून पाहिली असता जमेच्या बाजूस काय व खर्चाच्या बाजूस काय हे स्वच्छ दिसते. मात्र दोन्ही पाने पाहण्याची तयारी पाहिजे. आमच्या देशात एक पक्ष पहिलेच पान वाचतो व दुसरा दुसरेच, ही आमची मूळ तक्रार आहे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, मागणी-पुरवठ्याचा नियम अगदीच खोटा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग प्रगट झाला आणि थोड्याच महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले. त्यापूर्वी मालकांचा शिरस्ता असा होता की, महिन्याचा पगार महिना उलटल्यावरही कित्येक दिवस अडकवून ठेवावयाचा, म्हणजे मजूर सोडून जाऊ पाहील तर कमावलेले पैसे सोडूनच त्याने जावे. प्लेगच्या त्या दिवसांत हा शिरस्ता कोलमडला. जे थोडे मजूर मागे राहिले ते रोजच्या रोज रोकडा मागू लागले, आणि ज्या मालकांनी भाव वाढवू नये म्हणून आपसांत एकी करण्याच्या गोष्टी केल्या त्यांचीच माणसे रस्त्याच्या नाक्यावर उभी राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली बोलू लागली. मजुरीचा बाजार खराखुरा खुला झालेला आम्हांस आढळतो तो हा असा. आणि त्यासाठी महामारी यावी लागली! साथ ओसरली, माणसे परतली आणि अडकवून ठेवलेल्या पगाराचा शिरस्ताही परतला. पगार ठराविक मुदतीत दिलाच पाहिजे असा कायदा होण्यास पुढे १९३६ साल उजाडावे लागले. आम्ही कायद्याचे पदवीधर असल्याने कायद्याचे महत्त्व वाढवून सांगतो असा आक्षेप आमच्यावर नेहमी येतो. पण मधल्या चाळीस वर्षांत किती मजुरांचे किती पगार बुडाले असतील याचा हिशेब आक्षेपकांनी एकदा मांडून पाहावा.

आता पहिले पान. १८९३ साली हिंदुस्थानच्या टांकसाळी रुप्याच्या मुक्त नाणेपाडणीस बंद झाल्या. चीनचा व्यवहार रुप्यात चाले आणि मुंबईचे सूत मुख्यत्वे चीनमध्ये खपे. रुपयाचा व रुप्याचा संबंध तुटताच ते सूत चिनी गिऱ्हाइकास महाग पडू लागले. पुढे जपानने ती पेठ बळकावली. तीनच वर्षांनी, १८९६ साली, सरकारने परदेशी कापडावर शेकडा साडेतीन जकात ठेवली आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे समाधान व्हावे म्हणून तेवढीच साडेतीन टक्के अबकारी हिंदुस्थानच्या गिरणीत विणलेल्या कापडावर लादली. आपल्याच घरातील माल आपल्याच घरात विकावयाचा तर त्यावर परक्याच्या मालाइतकाच कर, असा न्याय स्वतंत्र देशात कोणी ऐकला नसेल. हा कर नावाने कापडावर होता. बसला मात्र तो मजुराच्या ताटावर. याचा पुरावा १९२५ साली सर्वांच्या डोळ्यांसमोर आला. त्या वर्षी मंदीचे कारण सांगून मालकांनी मजुरीत शेकडा साडेअकरा काट करण्याचे ठरविले. सप्टेंबरात सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. आणि डिसेंबरात सरकारने अबकारी तहकूब करताच मालकांनी काट मागे घेतली व गिरण्या सुरू झाल्या. मालकाने कर मजुराच्या पदरात टाकलेला होता, तो सरकारने सोडताच मजुराची सुटका झाली. याहून सरळ हिशेब कोणत्या पेढीवर मिळेल?

परंतु एका हाताने सोडलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्यात ते सरकार वाकबगार होते. १९२७ साली रुपयाचा भाव कायद्याने दीड शिलिंग, म्हणजे अठरा पेन्स, ठरविण्यात आला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलन-आयोगात भिन्न मत देऊन सोळा पेन्सांचा आग्रह धरला होता, तो फुकट गेला. पेन्सांची ही चर्चा म्हणजे पंडितांचा शुष्क वाद, असे सामान्य मनुष्यास वाटते. म्हणून आम्ही तिचे रुपये-आणे करून दाखवितो. सोळा पेन्सांच्या दराने विलायतेतील एक पौंडाच्या मालास हिंदी व्यापाऱ्यास पंधरा रुपये पडत. अठरा पेन्सांच्या दराने तोच माल तेरा रुपये पाच आणे चार पै पडू लागला. म्हणजे परदेशी मालास एका लेखणीच्या फटकाऱ्याने रुपयामागे जवळजवळ दोन आण्यांची सवलत! त्या सवलतीशी टक्कर देण्यास मुंबईच्या मालकापाशी एकच उपाय सुचला: रिंगखात्यातील मजुराने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्या, विणकऱ्याने दोन साच्यांऐवजी तीन चालवावे, आणि उरलेल्या माणसांनी घरी जावे. १९२८ चा एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला मोठा संप याच ‘सुधारणे’तून उद्भवला. जपानचा हात, मालकांची उधळपट्टी, एजन्सीचे दलाल यांचाही दोष त्यात होताच; तो आम्ही झाकीत नाही. पण चलनाचा भाव ठरविणारा अधिकारी आणि लालबागच्या चाळीत चूल न पेटलेली बाई यांची कधी गाठ पडली नसली, तरी त्यांचा हिशेब एकाच खात्यावर होता.

येथपर्यंतचे आमचे लेखन वाचून राष्ट्रीय वृत्तीच्या वाचकांस समाधान वाटले असेल. आता दुसरे पान उलटावयाचे आहे, आणि तेथे समाधान वाटण्याजोगे फार थोडे आहे.

गिरणीत शिरावयाचे कसे? दारावर पाटी नसे, अर्ज नसे. दाराशी जॉबर उभा असे. तो आपल्या गावचा, आपल्या भावकीचा, निदान आपल्या तालुक्याचा मनुष्य आत घेई आणि त्याबद्दल दस्तुरी खाई. आत घेतलेल्यास टिकावयाचे तर त्यास दर पगाराला खूष ठेवावे लागे. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. कोकणातला कूळ खोताच्या जाचाने व तुटपुंज्या जमिनीने गांजून बोटीने मुंबईस उतरला म्हणजे गिरणगावात त्यास पहिला भेटे तो गावचाच दुसरा कोणी. खोली त्याच्या ओळखीने, खानावळ त्याच्या ओळखीने, वाण्याची उधारी त्याच्याच हमीवर. नव्या माणसास या गोतावळ्याचा आधार किती मोठा होता हे आम्ही जाणतो. संपाच्या महिन्यांत ज्या दुकानदारांनी दाणागोटा उधार दिला त्यांनी तो याच ओळखीवर दिला. तथापि जी ओळख एकास दार उघडते तीच दुसऱ्यास ते बंद करते. १९२९ साली नेमलेल्या मजूर-आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून नोकरभरतीची सत्ता काढून घ्या असे सांगितले, तरीही ती पद्धत कितीतरी वर्षे जीव धरून होती, कारण मालकास ती स्वस्त पडे व आत असलेल्या कामगारासही ती आपली वाटे.

पण सर्वांत कडक दार गिरणीच्या आतच होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी कामावर मिळे व ती रिंगखात्यापेक्षा पुष्कळच अधिक असे. त्या खात्यात अस्पृश्य गणलेल्या जातींच्या कामगारास घेत नसत. कारण विचारले तर असे सांगत: धोट्यातील कांडी संपली म्हणजे नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो, तोच धोटा दुसऱ्याच्या हाती जातो, तेव्हा विटाळ होतो. एकाच धोट्यास दहा जणांनी तोंड लावल्याने क्षयासारखा रोग पसरेल याची भीती कोणास वाटली नाही. विटाळाची मात्र वाटली. तोंड न लावता धागा ओढता येईल असे साधन बसविण्याचाही कोणी हट्ट धरला नाही. आणि ज्यांस साच्यापाशी उभे राहू दिले नाही त्यांच्यातील महार समाज नागपूर-विदर्भाकडे पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणीत आला होता! ज्याच्या घरी माग, त्यासच मागाची बंदी, असे हे आमचे अर्थशास्त्र.

१९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला आणि साचेखाते सर्वांस खुले व्हावे ही मागणी मोठ्या मिनतवारीने मागण्यांच्या यादीत आली. मालकांनी ती हसण्यावारी नेली; हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही, तुम्हीच आपसांत करीत आहा, असे त्यांचे उत्तर होते. ते उत्तर मतलबी होते हे खरे. मालक मनात आणता तर एका हुकमाने खाते खुले करता. पण कामगारांतील फूट त्यांस काही तोट्याची नव्हती. तथापि ते उत्तर खोटे होते असे म्हणण्याची आमची छाती होत नाही. साम्राज्याविरुद्ध आणि भांडवलाविरुद्ध एका मुठीने लढणारा विणकरी आपल्या शेजारच्या साच्यावर मात्र आपल्याच देशबांधवास उभा राहू देत नव्हता. आणि अबकारीवर व हुंडणावळीवर रकानेच्या रकाने भरणाऱ्या राष्ट्रीय पत्रांनी या गोष्टीस किती जागा दिली, हा प्रश्न आमच्या व्यवसायबंधूंनी स्वतःस विचारावा.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे-कामगार परिषदेत डॉ. आंबेडकरांनी असाच दुसरा दाखला दिला: गँगमन म्हणून उन्हातान्हात राबणाऱ्या दलितास पोर्टरची जागा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि घरात त्याचा स्पर्श चालत नाही. त्यापूर्वी दोन वर्षे, १९३६ साली, ‘जातिनिर्मूलना’च्या आपल्या निबंधात त्यांनी या सर्वांचे मूळच सांगितले होते. जात ही श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. आणि एका धंद्यास ओहोटी लागली असता मनुष्यास दुसऱ्या धंद्यात जाऊ न दिल्याने ती बेकारीचे प्रत्यक्ष कारण होते, असा त्यांचा सिद्धांत होता. या निबंधास धर्मावरील टीका समजून रागावणारे पुष्कळ निघाले. त्यातील हा भाग अर्थशास्त्राचा आहे हे फार थोड्यांनी ध्यानी घेतले. मागणी-पुरवठ्याच्या ज्या सिद्धांताने आम्ही आरंभ केला त्याचे हे खंडन कोणत्याही विलायती ग्रंथातील खंडनाहून अधिक पक्के आहे, कारण ते आमच्या गल्लीतले आहे.

स्त्रियांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण येथे त्यांच्या कैवाराने केलेला कायदाही उलटला. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. वाइंडिंग व रीलिंग ही खाती त्यांचीच. स्त्रियांस रात्रपाळीस बंदी १८९१ पासूनच होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, आणि तो योग्यच होता. परंतु भत्ता द्यावयाचा एकट्या मालकाने! पुढे दोन-तीन पाळ्या सुरू झाल्या, नवी यंत्रे आली, मजुरीच्या दरांत समानता आली. तेव्हा मालकाने आपला हिशेब केला, संघटनांनी ‘कुटुंबाचा पोशिंदा पुरुष’ असा आपला हिशेब केला, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षांत स्त्री गिरणीतून जवळजवळ नाहीशी झाली. तिने काम सोडले नाही. ती खानावळ चालवू लागली, भाजी विकू लागली, विड्या वळू लागली. फक्त ज्या कामास हजेरी, पगार व भत्ता आहे त्या कामातून ती गेली.

तेव्हापासून कायदे बदलले, पण ही चूक दुरुस्त झाली असे दिसत नाही. २०१७ साली प्रसूतीची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस करण्यात आली. राज्य विमा योजनेत ज्या येतात त्यांचा भार त्या सामाईक निधीवर पडतो. परंतु त्या योजनेची पगारमर्यादा २०१७ पासून महिना एकवीस हजारांची, आणि तिच्या वरच्या स्त्रीच्या रजेचा सारा खर्च तिला नोकरीस ठेवणाऱ्याच्याच माथी. दहा माणसांच्या कचेरीचा मालक अशा वेळी काय विचार करतो हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. मुलाखतीत ‘लग्न केव्हा?’ असा प्रश्न येतो तो याच विचारातून. ज्या कर्तव्याचे फळ सर्व समाजास मिळते त्याचा खर्चही सर्वांनी सोसावा, म्हणजे हा भत्ता सर्वच स्त्रियांसाठी सामाईक निधीतून दिला जावा, ही आमची मागणी आहे. सरकारी पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी कामात असलेल्या अगर काम शोधणाऱ्यांचे प्रमाण २०१७–१८ मध्ये शेकडा २३.३ होते, ते २०२३–२४ मध्ये ४१.७ झाले. हा आकडा पाहून टाळ्या पिटणाऱ्यांनी त्यातील किती वाढ घरच्या शेतात व घरच्या दुकानात बिनपगारी अगर स्वतःच्या किरकोळ धंद्यात राबणाऱ्यांची आहे तेही पाहावे.

स्वराज्य आले म्हणजे पहिले पान आपोआप कोरे होईल असे ज्यांस वाटत होते त्यांची निराशा १९८२ ने केली. १८ जानेवारीस सुरू झालेल्या डॉ. दत्ता सामंतांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका धंद्यात एकाच मान्य संघटनेशी बोलणी व्हावयाची. कामगार तिच्यामागे आहेत की नाहीत हे पाहण्याचे सरकारने नाकारले. माग इकडे भिवंडी-इचलकरंजीस गेले. तेथे ना भविष्यनिर्वाह निधी, ना पाळीचे बंधन. आणि मुंबईत कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची झाली. १९९१ च्या विकास नियमावलीत त्या जमिनीचा तिसरा हिस्सा शहरास, तिसरा घरबांधणीस, असे ठरले होते. २००१ मध्ये तो हिस्सा केवळ मोकळ्या जागेपुरता मानावा असा बदल झाला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. आता तेथे लँकेशायर नव्हते.

२९ कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता २०१९ व २०२० साली मंजूर होऊन २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आल्या आहेत. तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यास माणसे कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागू नये, अशी त्यांत तरतूद आहे. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. यामुळे कारखानदार मोकळ्या मनाने माणसे घेतील असे सरकारपक्षाचे म्हणणे, आणि मोकळ्या मनाने काढतील असे कामगारांचे. आमच्या मते दोन्ही पक्ष एकच गोष्ट विसरतात. काढण्याचे नियम कायद्याने कसेही केले तरी घेतो कोण, कोणास व कोणाच्या ओळखीने, याबद्दल संहिता जवळजवळ मुकी आहे. सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींस सारख्याच योग्यतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी धाडून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, दलित आडनावाच्या अर्जास बोलावणे येण्याचा संभव उच्च जातीच्या आडनावाहून पुष्कळ कमी, आणि मुसलमान नावास त्याहूनही कमी. जॉबर गेला म्हणतात. तो आता आडनाव वाचतो, एवढाच फरक.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आम्ही आमच्याच छापखान्याची हजेरीपत्रके काढून पाहिली. गेल्या पंधरा वर्षांत घेतलेली जवळजवळ सर्व माणसे एकाच तालुक्यातील, आणि त्यांतील निम्म्यांचे एकमेकांशी लग्नसंबंध! आम्ही कोणासही मुद्दाम नाकारले नाही. कोणास नाकारण्याची वेळच आली नाही, कारण जागा रिकामी आहे हे बाहेर कोणास कळलेच नाही. शहरातील पेढ्यांच्या व दुकानांच्या वह्या अशाच तपासल्या तर याहून निराळे काही निघेल असे आम्हांस वाटत नाही. व्यापारी मंडळाच्या पुढील सभेत आम्ही असा ठराव मांडणार आहो की, सभासदांनी प्रत्येक रिकामी जागा मंडळाच्या फलकावर निदान आठ दिवस जाहीर करावी आणि अर्ज नाव व आडनाव झाकून पाहावे. ठराव संमत होवो न होवो, आमच्या कचेरीत वसुली-कारकुनाची जागा रिकामी आहे. पाटी आज दारावर लागली आहे व अर्ज येत्या शनिवारी सायंकाळी सहापर्यंत घेतले जातील.